जवाची ओंबी, खेकडा आणि एक कागद

सकाळी सहा

चहा उकळेपर्यंत सिडनी नो यांचं पुस्तक चाळते. मेटापोंटम या एका गावाच्या नाण्यांवर त्यांनी 1927 आणि 1931 मध्ये दोन भाग लिहिले. त्या गावचं नाणं हातात आलं की आजही आधी त्यांच्याकडेच जावं लागतं. काल संध्याकाळी एका नाण्याचे ठसे जुळता जुळता राहिले, ते डोक्यातून जात नव्हतं.

लंडनच्या एका लिलावगृहात ग्रीक नाण्यांच्या नोंदी करणं हे माझं काम. सध्या टेबलावर एका दिवंगत डॉक्टरांचा संग्रह आहे. दक्षिण इटली आणि सिसिली, दुसरं काही नाही. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकापासून ग्रीक लोक जहाजं घेऊन पश्चिमेला गेले आणि तिथल्या किनाऱ्यांवर शहरं वसवत राहिले. परंपरेने सिसिलीतल्या नॅक्सॉसचं साल 734, सिराक्यूजचं 733, इटलीच्या टाचेतल्या टारासचं, म्हणजे आजच्या टारांटोचं, 706 धरतात. नाणी पाडायला त्यांनी पुढे दीड-दोनशे वर्षांनी सुरुवात केली. पण केली ती अशी, की मायदेशातल्या टाकसाळींनी बघत राहावं.

साडेआठ

तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांच्या हातात. सहकारी आला की ट्रे निघतात, मोजले जातात, वहीत सही होते. महोगनी लाकडाचे ट्रे, त्यात गोल खळगे, प्रत्येक खळग्यात नाणं आणि नाण्याखाली पुठ्ठ्याचं गोल तिकीट. डॉक्टरांचं अक्षर बारीक आणि सरळ. एका बाजूला गावाचं नाव आणि वजन, दुसऱ्या बाजूला कुणाकडून घेतलं, कधी घेतलं, किती पौंड-शिलिंगला. काही तिकिटं त्यांच्याही आधीच्या मालकाची आहेत, ती त्यांनी जपून आपल्या तिकिटाखाली ठेवलीत. नाणं उचललं की तिकीट तिथेच राहायला हवं. दोन नाणी एकदम ट्रेबाहेर काढायची नाहीत, हा आमच्याकडचा पहिला नियम.

नऊ

काटा शून्यावर आणते. चांदीचं नाणं काठाला धरायचं, कधीही सपाट बाजूला नाही. वजन, व्यास, मग ठशांची दिशा: पुढची बाजू सरळ धरून नाणं फिरवलं की मागचं चित्र घड्याळातल्या किती वाजण्याच्या दिशेला येतं ते लिहायचं.

पहिलं नाणं सायबारिसचं. बैल उभा आहे आणि मान वळवून मागे बघतोय. वजन आठ ग्रॅमच्या जरासं आत. चकती पातळ आणि रुंद, जवळजवळ तीन सेंटिमीटर. उलटं केलं की तोच बैल पुन्हा दिसतो, पण आत खोल गेलेला.

देवघरातला चांदीचा टाक ज्यांनी पाठीमागून पाहिला असेल त्यांना हे चटकन कळेल. पुढे उठाव, मागे पोकळी. पण टाकाची मागची पोकळी ठोकण्यातून आपोआप येते. इथे तसं नाही. मागच्या बाजूसाठी वेगळा ठसा कोरलेला आहे, त्यात बैल उठावात आहे, म्हणून नाण्यावर तो खोलगट उमटतो. पुढच्या बैलाच्या अंगावरचे बारकावे मागे जसेच्या तसे नाहीत, काठाची नक्षीही निराळी आहे. कारागिराने दोन ठसे स्वतंत्र कोरले आणि मग तापवलेली चकती मधे ठेवून ते असे नेमके समोरासमोर आणले, की बैल बैलावर बसला. आणि हे एकदा नव्हे, हजारो नाण्यांवर. आजवर इतकी नाणी हातातून गेली, तरी खोलगट नाणं उलटं करताना माझा हात अजूनही क्षणभर थांबतो.

ही पद्धत दक्षिण इटलीतल्या मोजक्या शहरांची. सायबारिसचा बैल, मेटापोंटमची जवाची ओंबी, क्रोटोनची तिवई, कौलोनियाचा अपोलो, पोसायडोनियाचा त्रिशूळ उगारलेला समुद्रदेव. पोसायडोनिया म्हणजे आज जिथली मंदिरं बघायला लोक जातात ते पेस्टम. पायथागोरस साधारण 530 च्या सुमारास क्रोटोनला आला, तेव्हा ही कल्पना त्याच्याच डोक्यातली, अशी एक कथा अनेक कॅटलॉगांत सापडते. तिला आधार नाही. ती छापली तर बोली वाढते हे मला माहीत आहे, तरी मी ती माझ्या नोंदीत येऊ देत नाही. नाण्याला खोटी वंशावळ जोडायची गरज नसते, त्याचं खरं चरित्रच पुरेसं आहे.

सायबारिसचं चरित्र तर फारच. इसवी सन पूर्व 510 मध्ये शेजारच्या क्रोटोनने हे शहर उद्ध्वस्त केलं आणि क्राथिस नदीचा प्रवाह त्यावर वळवला, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. म्हणजे माझ्या काट्यावरचं हे नाणं त्याच्या आधीचंच असणार. या एका सालामुळे अभ्यासकांना पाय ठेवायला जमीन मिळते. ज्या पुरलेल्या ठेव्यात असे बैल सापडतात, त्यातली बाकीची नाणी कोणत्या काळातली हे त्यांच्यावरून ठरवता येतं. मात्र त्यासाठी ठेवा एकत्र असावा लागतो, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

1911 मध्ये टारांटोला पुरातन चांदीच्या शेकडो नाण्यांचा ठेवा निघाला. इटलीतलीच नव्हे तर खुद्द ग्रीसमधल्या शहरांचीही नाणी त्यात होती. ती बाजारात विखुरली. काहींची नोंद झाली, पण संपूर्ण ठेवा जमिनीतून निघाला तसा एकत्र कुणाला अभ्यासता आला नाही. कुठल्या नाण्याशेजारी कुठलं होतं, किती झिजलेलं होतं, त्याची मोजदाद एकदा हुकली की ती परत मिळत नाही. त्यातली कित्येक नाणी आज जगातल्या चांगल्या संग्रहांत सुखरूप असतील. पण एकत्र असताना ती जे सांगू शकली असती, ते गेलं.

साडेदहा

फोटो. प्रकाश वरून डावीकडून, नेहमी तसाच, नाहीतर खोलगट बैल डोळ्यांना उठावाचा भासतो. खोलगट नाण्यांचे फोटो काढायला आमच्या फोटोग्राफरला दुप्पट वेळ लागतो आणि तो दुप्पटच घेतो.

अकरा

सिसिलीचा ट्रे. हिमेराचं नाणं सगळ्यांत आधी, कारण ते मला फार आवडतं. हिमेराचं चिन्ह कोंबडा. दिवस उगवल्याची वर्दी देणारा तुरेवाला कोंबडा पिढ्यान्‌पिढ्या नाण्यांवर ऐटीत उभा आहे. मग 483 च्या सुमारास दक्षिण किनाऱ्यावरच्या अक्रागासचा सत्ताधीश थेरॉन याने हिमेरा घेतलं. डॉक्टरांच्या ट्रेमध्ये आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नाणी शेजारी शेजारी आहेत. आधीच्यावर एकटा कोंबडा. नंतरच्यावर पुढे कोंबडा आहेच, पण उलटलं की मागे खेकडा, अक्रागासचा खेकडा. आणि बदल चित्रापुरता नाही. काट्यावर ठेवलं की कळतं, आधीचं पावणेसहा ग्रॅमच्या आसपास, नंतरचं साडेआठ ग्रॅमचं. बाजारातलं मापच बदललं. एखादं शहर दुसऱ्याच्या ताब्यात गेलं म्हणजे नेमकं काय झालं, ते या दोन चकत्या मला जेवढं सांगतात तेवढं क्वचितच कुणी सांगतं.

याच ट्रेमध्ये सेलिनसचं रानटी सेलरीचं पान आहे, लिओंटिनीचा सिंह आणि त्याच्या मुखाभोवती जवाचे चार दाणे आहेत, मेसानाचा ससा आहे. मेसानाचं आधीचं नाव झँक्ली, म्हणजे स्थानिक बोलीत विळा, कारण बंदर विळ्यासारखं वळलेलं. तिथल्या पहिल्या नाण्यांवर विळ्याच्या कुशीत डॉल्फिन पोहतोय. पुढे ऱ्हेजियनच्या अनॅक्सिलासने शहर घेतलं, नाव बदललं आणि नाण्यांवर खेचरांची गाडी आणली, कारण ऑलिंपियाला खेचरांच्या रथशर्यतीत तो जिंकला होता.

सिराक्यूजचं वेगळं सांगायलाच हवं. चार घोड्यांचा रथ आणि चार डॉल्फिनांनी वेढलेली जलदेवता अरेथूसा, सव्वासतरा ग्रॅमचं टेट्राड्राख्म, म्हणजे चार द्राख्मांचं नाणं. सिसिलीत चांदीच्या म्हणण्याजोग्या खाणी नव्हत्या, सगळी चांदी व्यापारातून, लढायांतून, खंडणीतून आलेली. पाचव्या शतकाच्या अखेरीस इथे ठसे कोरणारे कारागीर आपली नावं नाण्यावर घालू लागले. किमोनने आपलं नाव अरेथूसाच्या केसांच्या पट्ट्यावर कोरलं. युऐनेटोसची त्रेचाळीस ग्रॅमची दशद्राख्मं तर नाणेशास्त्रातलं शिखरच मानतात. डॉक्टरांकडे दशद्राख्म नाही. त्यांनी त्या पैशांत लहान लहान लित्रं जमवली, एका ग्रॅमहूनही हलकी, एका बाजूला अरेथूसा आणि दुसऱ्या बाजूला आठ हात पसरलेला ऑक्टोपस. करंगळीच्या नखाएवढी. रथाचं नाणं भाडोत्री सैनिकाच्या पगारात जायचं, हे लित्र मासळीबाजारात. मला त्यांची निवड मनापासून पटते.

साडेबारा

खालून फोन: कुणीतरी नाणं घेऊन आलंय.

गृहस्थ नीटनेटके, बोलायला मृदू. खिशातून रुमाल काढला, रुमालातून अक्रागासचं टेट्राड्राख्म. पुढे गरुड, मागे खेकडा. खेकड्याच्या नांग्यांवरचे दातेसुद्धा मोजता येतील असं ताजं. आधी ते खरं आहे का हे बघणं आलं. भिंगाखाली धातू ठशाच्या दाबाने काठाकडे वाहत गेल्याच्या रेषा दिसतात; ओतीव नकलेत त्या नसतात, तिथे पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि काठावर कानशीचे ओरखडे सापडतात. ठसे कोरून केलेली नक्कल ओळखणं आणखी अवघड. एकोणिसाव्या शतकात कार्ल विल्हेल्म बेकर नावाच्या जर्मन माणसाने शेकडो नाण्यांचे ठसे स्वतः कोरले. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसाच्या पेटीत घालून घोडागाडीतून फिरवायचा असं सांगतात. त्याचे ठसे आज बर्लिनला आहेत आणि आमच्या शेल्फवर त्यांच्या याद्या.

हे नाणं खरं होतं. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं: कुठून आलं?

“घरात होतं. आजोबांचं.”

आजोबांनी कुठून घेतलं, पावती, पत्र, जुना फोटो, लिलावाचं बिल? काहीच नाही. आणि खळग्या-खळग्यांत, डोळ्याच्या कोपऱ्यात, अक्षरांच्या मधे ताजी माती. कुणाच्याही आजोबांच्या कपाटात माती इतकी ताजी राहत नाही. इटलीत जमिनीतून निघालेली पुरातन वस्तू राष्ट्राची असते. 1909 च्या कायद्यापासून ही भूमिका आहे आणि 2004 च्या सांस्कृतिक वारसा संहितेने ती पक्की केली. रात्री धातुशोधक यंत्र घेऊन शेतात शिरणाऱ्यांना तिथे ‘तोंबारोली’ म्हणतात. त्यांनी उपसलेल्या खड्ड्यातून नाणं हाती येतं, आणि सोबत कुठलं घर होतं, कुठली कबर, कुठलं मडकं, हे सगळं फावड्याखाली जातं.

मी नाणं रुमालात परत ठेवलं आणि आम्ही ते घेऊ शकत नाही असं सांगितलं. ते म्हणाले, शेजारच्या गल्लीत कुणी घेईल. घेईलही. अशा वेळी मला राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही. इतकं सुंदर नाणं, आणि ते आता कुठेच राहत नाही. ते कुठल्या शेतातलं, कुठल्या भिंतीखालचं, हे बहुधा एका माणसाला ठाऊक आहे आणि तो ते कधीही सांगणार नाही. गृहस्थ गेल्यावर मी भेटीची वेळ आणि नाण्याचं वर्णन वरिष्ठांना लेखी कळवलं.

दीड

डबा. काल रात्रीची मटकीची उसळ.

दोन

दुपार ग्रंथालयात. सकाळी सहापासून डोक्यात असलेलं नाणं आता हातात घेते. मेटापोंटमचं, उशिराच्या काळातलं, म्हणजे रुंद चकती जाऊन जाड आणि लहान झालेली. जवाची ओंबी पुढे उठावात, मागे खोल. या गावाची जमीन इतकी पिकत असे, की मेटापोंटमकरांनी डेल्फीच्या देवळात सोन्याचं पीक अर्पण केलं, असं स्ट्रॅबोने नोंदवलंय. नाणं दिसायला साधं आहे, चांगलं झिजलेलंही आहे. पण ओंबीच्या डाव्या दाण्यांखाली एक वाकडी रेघ दिसते, आणि प्रकाश फिरवला की रेघेचा पंख होतो. हे नाणं आधी कॉरिंथचं होतं, पंखवाल्या पेगॅसस घोड्याचं. मेटापोंटमच्या टाकसाळीने ते घेतलं आणि त्यावरच आपली ओंबी ठोकली. चांदी कुठून यायची याचा हा कागदाहून पक्का पुरावा.

डॉक्टरांच्या तिकिटावर 1958 साल आणि एका दुकानाची दोन अक्षरं. त्यांच्या तिकिटाखाली दुसरं तिकीट, फ्रेंचमध्ये, साल नाही. म्हणजे त्याआधी कुणाकडे तरी होतं. जुने लिलावांचे कॅटलॉग खाली काढते. त्या काळी नाण्याचा थेट फोटो काढत नसत. प्लास्टरचा साचा घेत आणि साच्याचा फोटो छापत. त्यामुळे रंग, डाग काही दिसत नाही, पण काठाचा आकार अचूक असतो, आणि माझं काम काठावरच चालतं. हातोड्याने ठोकलेल्या दोन नाण्यांचा काठ कधी सारखा नसतो. या नाण्याला पाचच्या दिशेला एक लहान फट आहे आणि आठच्या दिशेला काठ किंचित चपटा.

1921 मध्ये पॅरिसचे शल्यविशारद सॅम्युएल पोझी यांचा संग्रह विकला गेला. (चित्रकार सार्जंटने लाल झग्यात रंगवलेले तेच पोझी.) तो कॅटलॉग आधी बघते, कारण सगळेच आधी तोच बघतात. तिथे नाही. मग पुढचे. पानामागून पान जवाच्या ओंब्या, करड्या, चुन्याच्या. दीड तास गेल्यावर त्याच दशकातल्या आणखी एका लिलावाच्या चित्रपानावर, खालून दुसऱ्या ओळीत: पाचला फट, आठला चपटा काठ. भिंग लावते. पंखाची रेघ प्लास्टरमध्येसुद्धा उमटली आहे, फक्त तेव्हाच्या लिहिणाऱ्याच्या लक्षात आली नव्हती.

खुर्चीतून उठून मी सहकाऱ्याला हाक मारली. त्याने काठ तपासला, मागची बाजू तपासली, मान डोलावली. आता या नाण्याची साखळी शंभर वर्षं मागे गेली. पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या 1970 च्या युनेस्को करारानंतर बाजार आणि संग्रहालयं जी रेषा आखतात तिच्या कितीतरी अलीकडे नव्हे, पलीकडे. सकाळच्या त्या लखलखीत गरुडापेक्षा ही झिजकी ओंबी मला अधिक मोलाची वाटते, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. हिच्यावर कुणीही अभ्यासक विसंबू शकतो. गरुडावर कुणी विसंबू शकत नाही.

चार

नोंद लिहिते. ‘ल्युकॅनिया, मेटापोंटम. चांदीचं स्टेटर, सुमारे इसवी सन पूर्व 470 ते 440. पुढे जवाची ओंबी, मागे तीच खोलगट. कॉरिंथच्या स्टेटरवर पुन्हा ठोकलेलं. पेगॅससच्या पंखाची खूण स्पष्ट.’ मग वजन, दिशा, नो यांच्या पुस्तकातला क्रमांक, आणि शेवटी मालकीची साखळी: तो लिलाव, ते फ्रेंच तिकीट, 1958, डॉक्टर. दोन्ही तिकिटं नाण्यासोबत खरेदीदाराकडे जातील असं वेगळ्या ओळीत लिहिते. मग चोरीला गेलेल्या वस्तूंच्या नोंदींमध्ये सगळ्या ट्रेची तपासणी लावते. अमेरिकेतल्या एका संग्राहकाचं पत्र आलंय, त्याला टारासचा डॉल्फिनवरचा स्वार हवाय. अमेरिकेने इटलीबरोबरच्या पुरावस्तूंच्या आयातीवरील करारात 2011 पासून नाणीही घेतली आहेत, त्यामुळे तिथे पाठवायच्या नाण्यांचे कागद आत्ताच वेगळे काढून ठेवावे लागतात.

साडेपाच

ट्रे मोजून तिजोरीत. वहीत दोन सह्या.

सात

नाशिकहून भाच्याचा फोन. तिथे साडेअकरा वाजलेत, पण कॉलेजातल्या पोराला साडेअकरा म्हणजे काहीच नाही.

“मावशी, फोटो पाठवलेत, बघ ना. आजोबांच्या ट्रंकेत डबा सापडला.”

बघते. छोटी चांदीची नाणी, राजाचं डोकं, भोवती मोडकीतोडकी ग्रीक अक्षरं. क्षत्रप नहपानाची. त्यातल्या एकावर राजाच्या गालावरच डोंगराचा ठसा: त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठोकलेलं. आज दुपारी ओंबीखाली घोडा पाहिला आणि आता हे. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला अशा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा निघाला. तो विखुरण्याआधी त्याची तपासणी आणि मोजणी झाली, आणि त्यातली दोन तृतीयांशांहून जास्त नाणी सातकर्णीने पुन्हा ठोकलेली निघाली. नहपानाचा पराभव आपल्याला इतक्या ठसठशीतपणे कळतो तो त्या मोजदादीमुळे. टारांटोच्या ठेव्याला जे मिळालं नाही ते जोगलटेंभीच्या ठेव्याला मिळालं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता, मग म्हणाला, “मी टूथपेस्टने घासायला घेतलीत. दोन मस्त चमकली.”

“पहिलं म्हणजे घासणं बंद. टूथपेस्ट नाही, चिंच नाही, लिंबू नाही. आणि डब्यात नुसतीच नाणी होती?”

“नाही, प्रत्येक नाणं कागदात गुंडाळलेलं होतं. आजोबांनी काहीतरी लिहिलंय वर, गावाचं नाव, सराफाचं नाव, तारीख. ते चुरगळलेले कागद मी टाकले. नाणी प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावतोय आता.”

“कुठे टाकले?”

“कचऱ्याच्या डब्यात. का?”

“जा, आत्ता उठ आणि काढ. उद्या सकाळी घंटागाडी यायच्या आत. कुठला कागद कुठल्या नाण्याचा हे आठवतंय तोवर नंबर टाक, आणि दोन्हीचे फोटो एकत्र काढून मला पाठव. मी जागी आहे.”